हजारभर रुपयांत जुन्या धाटणीचा घरगुती संगणक : सांगलीत सामान जमवण्यापासून बेसिकच्या प्रोग्रॅमपर्यंत

१९८१ साली ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रो हा घरगुती संगणक आला, पुढच्याच वर्षी तिथेच झेडएक्स स्पेक्ट्रम आणि अमेरिकेत कमोडोर ६४. तिन्हींची रीत एकच होती. बटण दाबलं की लगेच पडद्यावर एखाद-दुसरी ओळ यायची, आणि तिच्यापुढे तुम्ही टाइप कराल ते थेट बेसिक या प्रोग्रॅम लिहायच्या सोप्या भाषेत समजून घेतलं जायचं. डेस्कटॉप नाही, अपडेट नाही, पासवर्ड नाही. आपल्याकडे १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा सरकारी प्रकल्प निघाला, त्यातही बीबीसी मायक्रोच होते. पण सांगली-मिरजेकडे बहुतेकांच्या आठवणीत असेल तो कीबोर्डवाला टीव्ही-गेम. त्याच्या एखाद्या कार्ट्रिजमध्ये बेसिक असायचं, पण लिहिलेलं साठवायची सोय नसल्यामुळे लाइट गेली की सगळं साफ. मग पोरं परत मारिओकडे वळायची.

तसाच संगणक आज घरी जोडता येतो, आणि लिहिलेलं साठवूनही ठेवतो. खर्च हजार रुपयांच्या आसपास, कारण त्याला लागणारं निम्मं सामान लोक भंगारात टाकायला निघालेले असतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. हे काम टप्प्याटप्प्याने करा आणि प्रत्येक टप्प्यावर यंत्र चालू स्थितीत असू द्या. सगळं सामान एकदम मागवून, रविवारी सकाळी बसून संध्याकाळपर्यंत उरकायचं असं ठरवलं तर संध्याकाळी टेबलावर फक्त वायरींचा गुंता उरतो. शिवाय टप्प्याने गेलात आणि मध्येच मन उडालं, तर गेले ते चारशे-पाचशे रुपयेच.

पैसे घालण्याआधी

बीबीसी मायक्रोचं ब्राउझरमध्ये चालणारं एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतं. लॅपटॉपवर ते उघडा, आठवडाभर रोज अर्धा तास बसा. पडद्यावर > असं चिन्ह दिसेल. त्यापुढे बेसिकमध्ये पाढे छापून बघा, स्वतःचं नाव शंभर वेळा छापून बघा, १ ते १०० मधला आकडा ओळखायचा खेळ लिहून बघा. आठवड्यानंतरही हात शिवशिवत असतील तर पुढे वाचा. कंटाळा आला असेल तर खऱ्या यंत्रावरही येणारच, तेवढे पैसे वाचले.

घरात शाळेतलं मूल असेल तर त्याला शेजारी बसवा, पण शिकवत सुटू नका. पाढ्यांचा प्रोग्रॅम ते दहा मिनिटांत मोडून त्यातून काहीतरी चावट वाक्य छापेल. तिथूनच त्याचं शिकणं सुरू होतं.

कुठलं यंत्र घ्यायचं

पर्याय बरेच आहेत, पण मी इथे एकाचाच मार्ग धरतो : रास्पबेरी पाय पिको. ही बोटाएवढी पाटी (सर्किट बोर्ड) २०२१ च्या जानेवारीत ४ डॉलर किमतीला बाजारात आली. तिच्यावरच्या आरपी२०४० चिपमध्ये दोन प्रोसेसर, १३३ मेगाहर्ट्झचा वेग आणि २६४ केबी रॅम आहे. आजच्या फोनपुढे हे काहीच नाही, पण बीबीसी मायक्रोच्या गाजलेल्या मॉडेलमध्ये ३२ केबी होती आणि त्याचा ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर चालायचा. स्पेक्ट्रम ४८ केबीत भागवत असे. त्या मानाने पिको चांगलीच सढळ आहे.

पिकोला घरगुती संगणकाचं रूप देतं ते 'पिकोमाइट' नावाचं फर्मवेअर, म्हणजे पाटीच्या आत कायम बसणारा प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियाच्या जेफ ग्रॅहम यांनी २०११ मध्ये 'मॅक्सिमाइट' हा छोटा संगणक आणि त्यासाठी एमएमबेसिक ही भाषा केली. पुढे पीटर मॅदर यांच्याबरोबर तीच भाषा पिकोवर आली. फर्मवेअर फुकट उतरवून घेता येतं आणि सोबतचं मॅन्युअल इतकं नीट लिहिलेलं आहे की वेगळं पुस्तक लागत नाही. इंग्रजीत आहे, पण वाक्यं साधी आहेत. लागणारी पानं छापून जवळ ठेवा.

बाकीचे पर्याय भराभर सांगतो. रास्पबेरी पाय ४०० आणि ५०० हे कीबोर्डातच बसवलेले संगणक दिसायला अगदी ऐंशीच्या दशकातले आहेत. पहिला २०२० मध्ये ७० डॉलरला आला, दुसरा २०२४ च्या डिसेंबरात ९० डॉलरला. यंत्र म्हणून उत्तम, पण आत पूर्ण लिनक्स आहे आणि त्यात ब्राउझर आहे. ब्राउझर आला की काय होतं हे आपल्याला माहीत आहेच. अगॉन लाइट मला मनापासून आवडतो. १८.४३२ मेगाहर्ट्झचा ईझेड८० प्रोसेसर, ५१२ केबी रॅम आणि सुरू होताच बीबीसी बेसिक. पण तो परदेशातून मागवावा लागतो आणि कुरिअर-कस्टम धरून किंमत बरीच फुगते. 'जुने गेम दहा हजार' असं लिहिलेले डबे मिळतात ते फक्त खेळायला, त्यांत प्रोग्रॅम लिहिता येत नाही. आणि खरा जुना स्पेक्ट्रम कुणी विकत असेल तर हौशेने घ्या, पण शिकायला घेऊ नका. चाळीस वर्षांचे कपॅसिटर बदलण्यातच वर्ष जाईल.

पिको २ ही २०२४ मध्ये आलेली पुढची पाटी थोडी महाग पण जास्त रॅमची आहे. ती घेतलीत तर फर्मवेअरची फाइल तिच्यासाठीचीच घ्यायची. खालची जोडणी मी मूळ पिको धरून सांगतो आहे.

सामान

पहिल्या टप्प्याला फक्त पिको आणि यूएसबी केबल लागते. पिन सोल्डर केलेली पाटी मागा, पाचपन्नास रुपये जास्त पडले तरी चालतील. केबल डेटा वाहून नेणारी हवी. मोबाइलच्या स्वस्त चार्जरबरोबरच्या कितीतरी केबलींत फक्त वीज वाहणाऱ्या दोन तारा असतात. पाटी लॅपटॉपला दिसत नसेल तर आधी केबल बदला, मग दुसरं काही.

दुसऱ्या टप्प्याला एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पट्टी), जोडायच्या वायरी, थोडे रेझिस्टर (विजेचा प्रवाह अडवणारे तुकडे) आणि ३.३ आणि ५ व्होल्टमध्ये दुभाष्याचं काम करणारा लेव्हल शिफ्टर. सांगलीत इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टचं सामान देणाऱ्या दुकानांत हे सगळं मिळतं. वालचंदसारखं १९४७ पासूनचं कॉलेज गावात असल्याचा हा एक फायदा. नाहीतर ऑनलाइन आहेच. दहा रुपयांच्या रेझिस्टरवर पन्नास रुपये पाठवणखर्च बसतो, म्हणून सगळं एकत्र मागवा.

मॉनिटर आणि कीबोर्ड नवा घेऊ नका. बंद पडलेली नेट कॅफे, सीएची ऑफिसं, पतसंस्था, टायपिंग इन्स्टिट्यूट यांच्या माळ्यावर १५ किंवा १७ इंची चौकोनी एलसीडी मॉनिटर धूळ खात पडलेले असतात. मागे निळं, तीन ओळींत पंधरा भोकांचं व्हीजीए कनेक्टर असलेला कुठलाही चालेल. चालू करून बघूनच घ्या, आणि त्याची केबलही मागून घ्या. कीबोर्ड जांभळ्या गोल पिनेचा, म्हणजे पीएस-टू हवा. यूएसबी कीबोर्डला हिरवं-जांभळं अडॅप्टर लावून भागेल असं दुकानदार सांगेल, पण ते ठरावीक जुन्या कीबोर्डांनाच लागू पडतं. जाड काचेचा सीआरटी मॉनिटर मिळाला तर चित्र सुरेख दिसतं, मात्र त्याची पाठ कधीही उघडू नका. बंद असतानाही आत हजारो व्होल्टचा दाब राहिलेला असू शकतो.

पहिला टप्पा : पाटी, लॅपटॉप आणि >

लॅपटॉपवर पिकोमाइटची झिप फाइल उतरवा. तिच्यात मॅन्युअल आणि 'यूएफ२' शेपटीच्या बऱ्याच फाइली असतात. आत्ता साधी पिकोमाइटची घ्या, व्हीजीएची नको. पाटीवर एकच पांढरं बटण आहे, त्याचं नाव बूटसेल. ते दाबून धरा, तसंच धरून केबल लॅपटॉपला लावा, मग बटण सोडा. पेनड्राइव्ह लावल्यासारखा नवा ड्राइव्ह दिसेल. फाइल त्यावर टाका. ड्राइव्ह आपोआप नाहीसा होतो, घाबरू नका, तसंच व्हायला हवं. पाटीवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला म्हणजे बेसिक आत बसलं.

आता पाटीशी बोलायला टर्मिनल लागतो, म्हणजे आपण टाइप केलेलं तिच्याकडे पाठवून तिचं उत्तर दाखवणारा प्रोग्रॅम. विंडोजवर टेरा टर्म घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा कॉम पोर्ट आलेला असेल, तो निवडा आणि एंटर दाबा. > दिसलं की पोहोचलात. ओटीजी केबलने अँड्रॉइड फोनही जोडता येतो, पण प्रोग्रॅम लिहायच्या कामाला लॅपटॉपच बरा.

इथून पुढे बेसिकचे शब्द मी उच्चाराप्रमाणे देतो, कीबोर्डवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. पहिली आज्ञा द्या 'मेमरी'. किती जागा आहे ते यंत्र सांगेल. मग 'प्रिंट' लिहून पुढे कुठलंही गणित लिहा. मग 'एडिट'. पूर्ण पडद्याचा संपादक उघडेल. त्यात लिहा, एफ१ दाबलं की साठवून बाहेर, एफ२ दाबलं की साठवून लगेच चालू. अडकलं तर कंट्रोल-सी. चूक झाली तर यंत्र ओळ दाखवून थांबतं, आणि पुन्हा 'एडिट' म्हटलं की कर्सर थेट चुकलेल्या ओळीवर उभा राहतो.

१९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी बेसिक केली ती विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. आजची एमएमबेसिक तिच्यापेक्षा बरीच सुधारलेली आहे. ओळींना आकडे द्यावे लागत नाहीत, सब आणि फंक्शन, म्हणजे नाव दिलेले छोटे तुकडे, लिहिता येतात. 'गोटू', म्हणजे थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारणं, शिल्लक आहे, पण त्याची सवय लावून घेऊ नका.

पहिलं हार्डवेअरचं काम दिवा लावायचं. एलईडीचा लांब पाय ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून पिन २० ला, म्हणजे जीपी१५ ला (पहिला पाटीवरचा क्रमांक, दुसरं त्याच पिनेचं बेसिकमधलं नाव), आणि आखूड पाय पिन १८ च्या ग्राउंडला, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेला. 'सेटपिन जीपी१५, डीआउट' ही ओळ एकदाच. मग 'डू' आणि 'लूप' यांच्यामध्ये चार ओळी : जीपी१५ चं मूल्य १ करा, 'पॉज ५००', तेच मूल्य ० करा, 'पॉज ५००'. दिवा सेकंदाला एकदा उघडझाप करतो. पॉजचा आकडा मिलिसेकंदांत असतो. तो कमी करत न्या आणि कुठल्या आकड्याला डोळ्याला उघडझाप कळेनाशी होते ते बघा.

या टप्प्यावर महिनाभर थांबायला हरकत नाही. भाषा इथेच शिकायची. मॉनिटर जोडल्याने भाषा जास्त येत नाही.

दुसरा टप्पा : स्वतःचा पडदा

आधी लिहिलेलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या, कारण फर्मवेअर बदललं की आतलं पुसलं जातं. मग पुन्हा बूटसेल दाबून पिकोमाइट व्हीजीएची फाइल टाका. जोडणी करताना केबल काढून ठेवा. वीज चालू असताना वायर हलवायची नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा.

व्हीजीएच्या केबलमधून पाच कामाच्या तारा घ्यायच्या. कनेक्टरच्या वरच्या ओळीत पिन १ लाल, २ हिरवा, ३ निळा. खालच्या ओळीत १३ म्हणजे आडवा सिंक आणि १४ म्हणजे उभा सिंक. नवी ओळ आणि नवं चित्र कधी सुरू करायचं हे मॉनिटरला सांगणारे ते इशारे. ५, ६, ७, ८ आणि १० ग्राउंडला. जुनी केबल मधून कापली तर आत लाल, हिरवी, निळी अशा तीन जाड तारा दिसतील. त्या प्रत्येकीभोवती ग्राउंडची जाळी असते. उरलेल्या बारीक तारांचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात. रंगावर विसंबू नका, मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक कनेक्टरच्या पिनेला आणि दुसरं तारेला लावत सगळ्या तारा ओळखून कागदावर लिहून काढा.

पिकोच्या बाजूला : जीपी१६, म्हणजे पाटीवरची पिन २१, आडव्या सिंकला. जीपी१७, पिन २२, उभ्या सिंकला. जीपी१८, पिन २४, निळ्याला. जीपी२१, पिन २७, लाल रंगाला. आणि हिरव्याला दोन पिना : जीपी१९ व जीपी२०, म्हणजे २५ आणि २६. मधली पिन २३ ग्राउंड. तुमच्या फर्मवेअरच्या मॅन्युअलमधल्या आकृतीशी एकदा ताडून घ्या.

आता रेझिस्टर का लागतात ते बघू, कारण इथे नुसती नक्कल करण्यात मजा नाही. मॉनिटरला रंगाच्या तारेवर जास्तीत जास्त ०.७ व्होल्ट हवे असतात आणि त्याच्या आत प्रत्येक रंगाला ७५ ओहमचा भार आहे. पिकोची पिन मात्र ३.३ व्होल्ट देते. मध्ये साधारण २८० ओहम घातले तर ३.३ चे बरोबर ०.७ होतात. बाजारात २७० चा रेझिस्टर मिळतो, लाल आणि निळ्याला तो घाला. हिरव्याच्या दोन पिनांपैकी जीपी२० ला ३९० आणि जीपी१९ ला ८२० ओहम घालून दोन्ही टोकं एकत्र करून हिरव्या तारेला द्या. दोन्ही पिना चालू असल्या की समांतर जोडणीमुळे ते २६४ ओहम होतात, म्हणजे पूर्ण हिरवा. एकच चालू असली तर मंद किंवा मध्यम हिरवा. अशा रीतीने लालचे २, हिरव्याचे ४, निळ्याचे २ प्रकार आणि गुणाकार १६. या यंत्रात सोळाच रंग का, याचं उत्तर तुमच्या ब्रेडबोर्डवरच्या चार रेझिस्टरांत आहे.

कीबोर्डची जोडणी जपून करा, कारण इथे ५ व्होल्ट येतात आणि आरपी२०४० च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. म्हणून मध्ये लेव्हल शिफ्टर. त्याची एचव्ही बाजू पिकोच्या पिन ४० ला, म्हणजे ५ व्होल्टला, एलव्ही बाजू पिन ३६ ला, म्हणजे ३.३ व्होल्टला, आणि दोन्हीकडची ग्राउंड एकत्र. पीएस-टूच्या सहा पिनांपैकी १ डेटा, ३ ग्राउंड, ४ ला ५ व्होल्ट, ५ क्लॉक. कीबोर्डचा क्लॉक शिफ्टरमधून जीपी८ ला, डेटा जीपी९ ला. मग लॅपटॉपवरून 'ऑप्शन कीबोर्ड यूएस' ही आज्ञा एकदाच द्या.

या फर्मवेअरमध्ये लॅपटॉपचा टर्मिनल आणि मॉनिटर दोन्ही एकाच वेळी चालतात. त्यामुळे मॉनिटर अंधारात असला तरी टर्मिनलवर > येतंय का ते बघता येतं. येत असेल तर पाटी ठीक आहे, दोष तारांत आहे. मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणत असेल तर सिंकच्या दोन तारा बघा. चित्र आहे पण एखादा रंग नाही, तर त्या रंगाचा रेझिस्टर ब्रेडबोर्डमध्ये नीट बसलेला नाही. चित्र थरथरतंय, तर ग्राउंड कच्चं. कीबोर्डचे दिवे सुरुवातीला एकदा चमकतात पण अक्षरं येत नाहीत, तर क्लॉक आणि डेटा उलटसुलट झाले असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

लॅपटॉपची केबल काढून मोबाइलचा चार्जर लावा. मॉनिटरवर > आलं की हा तुमचा स्वतंत्र संगणक झाला. लाइट गेल्यावर पॉवर बँकेवर पाटी चालते, पण ती इतकी थोडी वीज खाते की काही पॉवर बँका 'काही जोडलेलंच नाही' असं समजून आपोआप बंद होतात. मॉनिटरला तर लाइट लागणारच. पावसाळ्यात म्हणून दर दहा मिनिटांनी 'सेव्ह' म्हणायची सवय ठेवा. फाइली पाटीच्या आतल्या 'ए' ड्राइव्हवर राहतात. आणि भडंग खात कीबोर्डला हात लावू नका, जुन्या कळांच्या खाली गेलेलं तिखट-तेल निघत नाही.

पहिला खरा प्रोग्रॅम : आयर्विनची पाणीपातळी

खेळ सगळेच लिहितात. सांगलीकराला पावसाळ्यात जो आकडा रोज लागतो, त्यावर प्रोग्रॅम लिहू. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फूट-इंचांत सांगतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. रोजचा आकडा आपण हाताने भरायचा आणि यंत्राने आलेख काढायचा.

'मोड २' म्हटलं की पडदा ३२० आडवे आणि २४० उभे ठिपके असा होतो. २४० ला ६० फुटांनी भागलं तर एका फुटाला ४ ठिपके. हिशेब इतका सरळ बसतो की दुसरं माप शोधायलाच नको. उभ्या दिशेचे आकडे मात्र वरून खाली मोजले जातात, म्हणून फुटांना ४ ने गुणून २४० मधून वजा करायचं. ४० फुटांची रेघ ८० वर येते, ४५ ची ६० वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते या पडद्यावर माथ्यापासून फक्त १२ ठिपके खाली येतं. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, दिवसाला २ ठिपके धरले तर २४४. उरलेल्या ७६ ठिपक्यांत आकडे लिहायला जागा.

प्रोग्रॅम दोन करा. पहिला भरायचा : 'इनपुट'ने फूट आणि इंच विचारा, फाइल 'अपेंड' प्रकारात उघडा, दोन्ही आकडे स्वल्पविराम देऊन एका ओळीत छापा, फाइल बंद करा. अपेंड म्हणजे आधीच्या ओळींच्या खाली नवी ओळ. चुकून 'आउटपुट' लिहिलंत तर महिनाभराचे आकडे पुसले जातील.

दुसरा दाखवायचा : 'सीएलएस'ने पडदा साफ, 'लाइन'ने ८० वर पिवळी आणि ६० वर लाल रेघ. मग फाइल 'इनपुट' प्रकारात उघडून, संपेपर्यंत एकेक ओळ वाचायची. इंचांना १२ ने भागून फुटांत मिळवा, ४ ने गुणा, आणि तळापासून तेवढ्या उंचीची उभी रेघ काढा. 'इफ' वापरून ४५ किंवा त्याच्या वर लाल, ४० किंवा त्याच्या वर पिवळी, एरवी हिरवी. प्रत्येक ओळीनंतर आडवी जागा २ ने वाढवा. सगळं मिळून पंचवीस-तीस ओळी होतात, पण त्यांत फाइल, लूप, अट, चित्र आणि एककांचं रूपांतर असं सगळं आलं. इंचांना भागायचं विसरलं तर ३९ फूट ६ इंच हे ४५ होतात आणि पडदा उगाच लाल होतो. मुलांना ही चूक मुद्दाम करून दाखवा.

पुढची पायरी म्हणजे कालच्या आणि आजच्या पातळीतला फरक काढून 'चढ' की 'उतार' ते लिहिणं. तारीख आपोआप यावी असं वाटेल, पण पिकोत घड्याळाला बॅटरी नाही. वीज गेली की वेळ विसरते. डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ जोडता येतं, नाहीतर तारीखही हाताने भरा. आणि पूर आल्यावर घर सोडायचं की नाही हे प्रशासनाच्या सूचनेवर ठरवा, या आलेखावर नाही.

मिरजेच्या शेजाराला शोभेल असा दुसरा : तानपुरा

आवाजासाठी 'ऑप्शन ऑडिओ जीपी६, जीपी७' अशी आज्ञा एकदा द्यायची. जीपी६ पासून १ किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि तिथूनच १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून संगणकाच्या जुन्या स्पीकरला. स्पीकरचा आवाज सुरुवातीला अगदी कमी ठेवा. हेडफोन थेट लावू नका.

'प्ले साउंड' या आज्ञेत एका वेळी चार आवाज वाजवता येतात, आणि तानपुऱ्याला ताराही चारच. मधला षड्ज २४० हर्ट्झ धरला तर मंद्र पंचम त्याच्या पाऊणपट, म्हणजे १८०, आणि खर्ज निम्म्यावर, १२०. जोडीच्या तारा २४० आणि २४१ ठेवा. एका हर्ट्झच्या फरकामुळे दोन्ही एकत्र वाजताना सेकंदाला एक हेलकावा येतो. अगदी एकसारख्या ठेवल्या तर आवाज मुडदा वाटतो.

तार छेडली की आवाज मोठा येतो आणि विरत जातो. हे करायला चार तारांच्या आवाजाचे आकडे एका ॲरेत, म्हणजे एकाच नावाखालच्या यादीत, ठेवा. एक लूप लिहा, त्यात दर फेरीला 'पॉज ८०' आणि चारही आकडे एकेकाने कमी, शून्याखाली मात्र जाऊ द्यायचे नाहीत. दर बाराव्या फेरीला पुढच्या तारेचा आकडा २५ करा, म्हणजे ती छेडली गेली. क्रम पंचम, जोड, जोड, खर्ज. बारा फेऱ्या म्हणजे सेकंदापेक्षा जरा कमी, आणि तार पूर्ण विरायला पंचवीस फेऱ्या, म्हणून एक तार विरत असतानाच पुढची सुरू होते.

आवाजाची लहर साइन ठेवली तर बासरीसारखा गुळगुळीत नाद येतो, तानपुऱ्याचा नाही. करवतीच्या दात्यांसारखी लहर घेतली तर त्यात वरचे स्वर भरपूर असतात, पण कर्कश वाटते. त्रिकोणी लहर मधली. मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी लावतात आणि तारेखाली दोरा सरकवतात तो याच वरच्या स्वरांसाठी. तीन लहरी ऐकून झाल्यावर त्या दोऱ्याचं महत्त्व कानाला कळतं. यंत्र त्या कामाच्या जवळपासही जात नाही, रियाजाला हे लावू नका. पण मूल गाणं शिकत असेल तर २४० च्या जागी त्याच्या पट्टीचा आकडा घालून बाकीचे आकडे यंत्रालाच काढायला लावा.

पडद्यावर मराठी

पिकोमाइटच्या फॉन्टमध्ये फक्त रोमन अक्षरं आहेत. 'डिफाइनफॉन्ट' वापरून स्वतःची अक्षरं घालता येतात. चौकटीच्या वहीत १६ बाय १६ ची चौकट आखून 'सा' किंवा 'फू' रंगवा, आणि भरलेल्या-रिकाम्या घरांचे आकडे करा. आलेखाला किंवा तानपुऱ्याला लागणारी पाच-दहा अक्षरं अशी एका संध्याकाळी होतात. जोडाक्षरांसकट पूर्ण देवनागरी करायचा नाद धरू नका, ते वेगळंच काम आहे.

डब्यात बसवणं

सगळं मनासारखं चालू लागल्यावरच ब्रेडबोर्डवरून भोकांच्या पाटीवर सोल्डर करा. पिको थेट सोल्डर न करता तिच्यासाठी सॉकेट लावा, म्हणजे पुढे बदलता येईल. बूटसेलच्या बटणाला बोट पोहोचेल अशी जागा सोडा, फर्मवेअर बदलताना तेच लागतं. डबा प्लास्टिकचा किंवा प्लायचा असू द्या. पत्र्याचा घेतलात तर पाटीखाली रबराचा तुकडा घाला, नाहीतर सोल्डरची टोकं पत्र्याला टेकतील.

शेवटची सेटिंग 'ऑप्शन ऑटोरन'. तयार प्रोग्रॅम 'फ्लॅश सेव्ह १'ने साठवा आणि 'ऑप्शन ऑटोरन १' म्हणा. वीज दिली की आलेख थेट पडद्यावर येईल, घरातल्या कुणालाही कीबोर्डला हात लावावा लागणार नाही. पुन्हा प्रोग्रॅम लिहायचा असेल तेव्हा कंट्रोल-सी दाबा, की > परत येतं.